वेगळी चूल: 'स्मृतिचित्रे' आणि दाखवायची श्रद्धा

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता मी चर्चमध्ये असतो, पण बाकावर नसतो. सगळ्यांत मागे एका टेबलाशी लॅपटॉप, दोन कॅमेरे आणि साउंडची वायरिंग सांभाळत बसलेला असतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्यातल्या आमच्या मंडळीनं उपासना यूट्यूबवर दाखवायची ठरवली. 'तू कम्प्युटरवाला ना, मग बघ जरा' म्हणून ते काम माझ्याकडे आलं. लॉकडाऊन संपला, काम माझ्याकडेच राहिलं.

मागच्या वर्षी एका रविवारी, प्रार्थना चालू असताना, तिसऱ्या बाकावर एक मावशी रडत होत्या. डोक्यावर पदर, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. फ्रेम फार छान होती. मी दुसऱ्या कॅमेऱ्यावर गेलो, झूम केलं आणि वीसेक सेकंद तिथेच थांबलो. चॅटमध्ये हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. बघणारांचा आकडा वाढला. तो आकडा मी प्रार्थनेच्या मधोमध बघत होतो, हेही सांगून टाकतो.

पुढच्या रविवारी मावशी शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड बसल्या. उपासना सुरू होण्याआधी माझ्याजवळ आल्या आणि विचारलं, "बाळा, इथं कॅमेरा येतो का रे?" मी म्हणालो, "नाही." त्या म्हणाल्या, "बरं." आणि जाऊन बसल्या.

त्या आठवड्यात मी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढलं. आमच्या घरात ते पुस्तक पिढ्यानपिढ्या आहे. शुभवर्तमानाची प्रत, 'उपासना संगीत' आणि 'स्मृतिचित्रे', एवढं मराठी ख्रिस्ती घरात सापडतंच. ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लक्ष्मीबाई (१८६८ ते १९३६) नाशिकजवळच्या जलालपूरच्या. माहेरच्या गोखले. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न. हेच पुढचे रेव्हरंड टिळक, शाळेत ज्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून शिकलो ते. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको सोबत आली नाही. ती ख्रिस्ती झाली १९०० मध्ये. १९३४ पासून चार भागांत ही सगळी आठवण पुस्तकरूपात आली. शाळेत न गेलेल्या बाईनं मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांपैकी एक लिहिलं.

हे पुस्तक साधारण दोन प्रकारे वाचलं जातं. साहित्यवाले ते एका विक्षिप्त कवीच्या आणि त्याच्या खमक्या बायकोच्या संसाराची गोष्ट म्हणून वाचतात. आमच्या चर्चमधले लोक ते 'साक्ष' म्हणून वाचतात: आधी अंधार, मग उजेड, आधी सोवळं-ओवळं, मग खरा विश्वास. दुसऱ्या वाचनात एक सोपं समीकरण असतं. कर्मकांड म्हणजे दिखावा, ख्रिस्त म्हणजे मन. मीही ते असंच वाचलं होतं. या वेळी ते समीकरण मला पुस्तकात सापडलंच नाही.

## सोवळं म्हणजे दिखावा नव्हे

पुस्तकाच्या सुरुवातीला लक्ष्मीबाईंचे वडील येतात. त्यांचं सोवळं आजच्या भाषेत ओसीडीच्या जवळ जाणारं. धुणं, पुन्हा धुणं, शिवलं म्हणून परत आंघोळ, आणि त्या सगळ्यात भरडून निघणाऱ्या घरातल्या बायका. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात, पण वडिलांना ढोंगी ठरवत नाहीत. कारण ते ढोंगी नव्हतेच. कुणी बघत नसतानाही ते हात धूतच राहिले असते. त्यांचं सोवळं शंभर टक्के प्रामाणिक होतं. फक्त त्या प्रामाणिकपणाची किंमत दुसरे मोजत होते.

इथेच पहिली अडचण येते. 'मनापासून' हा शब्द आपण फार सहज वापरतो. जे मनापासून ते चांगलं, जे वरवरचं ते वाईट. पण माणूस मनापासून क्रूर असू शकतो. अस्पृश्यता पाळणारे बहुतेक लोक नाटक करत नव्हते, त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता. म्हणून श्रद्धा खरी आहे की नाही एवढंच विचारून भागत नाही. ती कुणाच्या जिवावर चालते, हेही विचारावं लागतं. लक्ष्मीबाईंनी हे असं सूत्ररूपात कुठे मांडलेलं नाही. पण पानोपानी त्यांची नजर तिकडेच जाते: देवाचं नाव घेतलं गेलं, ठीक, पण पाणी कुणी भरलं?

## पाच वर्षं

१८९५ ते १९००. आमच्या चर्चमधल्या भाषणांत ही पाच वर्षं एका वाक्यात संपतात: 'लक्ष्मीबाईंनाही पुढे प्रभूनं बोलावलं.' पुस्तकात मात्र तीच वर्षं सगळ्यांत जड आहेत.

नवरा जिवंत, पण बाटलेला. पदरी लहान मुलगा. काही काळ पंढरपुरात बहिणीच्या आश्रयाला. लोकांच्या नजरेत आपण नेमक्या कोण, हे तिलाही सांगता येऊ नये अशी अवस्था. नंतर ती नगरला टिळकांजवळ राहायला आली, ती स्वतःचं सोवळं घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी ते चालू दिलं. एका छपराखाली एक ख्रिस्ती नवरा आणि एक ब्राह्मण बायको, दोन चुली.

बाप्तिस्मा घेऊन टाकणं त्या वेळी तिला सगळ्यांत सोयीचं होतं. नवरा खूश, मिशनरी खूश, संसार पुन्हा जुळला असता. मनात काही का असेना, डोक्यावर पाणी घेतलं की काम झालं. तिनं ते केलं नाही. जे पटलेलं नाही ते पटल्यासारखं करायचं नाही, या एका गोष्टीवर ती अडून राहिली. मला आता वाटतं की तिच्या ख्रिस्ती असण्याची सुरुवात शोधायची तर ती तिच्या नकारात शोधावी. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू लोकांना दिसावं म्हणून केलेल्या प्रार्थनेबद्दल, दानाबद्दल आणि उपासाबद्दल जे सांगतो, ते त्या वेगळ्या चुलीवर, ख्रिस्ताचं नाव न घेता, पाळलं जात होतं.

मग महाबळेश्वरच्या मुक्कामातला तो प्रसंग. जातिभेद देवानं केला की माणसानं, हा प्रश्न तिच्या मनात येतो. ती विचार करत जाते आणि ठरवते की हा भेद माणसाचा आहे. तसं असेल तर आपण पाळायचा कशासाठी? त्या क्षणापासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतर आला. क्रम लक्षात घ्या: आधी माणसांबद्दलचं मत बदललं, मग पाण्याबद्दलचं वागणं बदललं आणि शेवटी धर्माच्या रजिस्टरमधलं नाव बदललं. आपल्याकडे बऱ्याचदा हे उलटं चालतं. नाव आधी बदलतं आणि बाकीचं 'होईल हळूहळू' म्हणून राहून जातं. मराठी ख्रिस्ती घरांत लग्न जुळवताना आजही पूर्वीची जात हळूच विचारली जाते, हे मी स्वतःच्या घरात ऐकलेलं आहे.

हा प्रसंग लक्ष्मीबाई सांगतात तो सूरही पाहण्यासारखा आहे. आयुष्य उलटंपालटं करणारा क्षण, पण आवाज चढत नाही. भाजी निवडताना शेजारणीशी बोलावं तसं बोलणं. दृष्टान्त नाही, तेज नाही, अंगावर काटा नाही. आमच्याकडे साक्ष देणारे लोक माइक हातात आला की आवाज बदलतात. मी हेडफोनवर ऐकतो म्हणून मला तो बदल नीट कळतो. 'स्मृतिचित्रे'त तसा माइकवरचा आवाज मला कुठेच ऐकू आला नाही.

अर्थात, आत्मचरित्र हीसुद्धा दाखवण्याचीच गोष्ट आहे. तीसेक वर्षांनी, आठवून, वाचकांसाठी लिहिलेलं. साधेपणा हीदेखील एक पोज असू शकते. मग लक्ष्मीबाईंवर विश्वास का ठेवायचा? माझं उत्तर असं: कारण त्या स्वतःला सोडत नाहीत. दुसऱ्याच्या स्पर्शाची वाटणारी किळस, नवऱ्यावरचा संताप, हट्ट, भित्रेपणा, फजिती, सगळं त्यांनी ठेवलं आहे. ख्रिस्ती झाल्यावर स्वभाव एका रात्रीत गोड झाला असंही त्या म्हणत नाहीत.

## टिळकांचा त्याग आणि घरातला हिशेब

आता टिळकांकडे. श्रद्धा आणि दिखावा यांतला फरक ज्यांनी उघडपणे मांडला, असे ते मराठी ख्रिस्ती समाजातले बहुधा सगळ्यांत मोठे माणूस. परदेशी चालींवर ओढूनताणून बसवलेल्या गाण्यांऐवजी त्यांनी भजन, अभंग, कीर्तन उपासनेत आणलं. आपण ख्रिस्तापर्यंत तुकारामांमार्गे पोचलो, असं ते सांगत. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे ते संपादक होते. आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.

आज वाचताना या शेवटच्या गोष्टीचं धाडस चटकन लक्षात येत नाही. जो माणूस बाप्तिस्म्यासाठी बायको, मुलगा, जात, सगळं गमावायला तयार झाला, त्यानंच बावीस वर्षांनी सांगितलं की ख्रिस्ताच्या मागे जायला बाप्तिस्मा ही अट नको. स्वतः एवढी किंमत मोजून मिळवलेली खूण दुसऱ्याकडून मागायची नाही, याला मोठं मन लागतं. बाप्तिस्मा बिल्ला झाला आहे, हे त्यांनी आतून पाहिलं होतं.

पण पुस्तक लक्ष्मीबाईंचं आहे, टिळकांचं नाही. त्यामुळे या मोठ्या मनाचा घरातला हिशेबही त्यात आहे. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोरच्याला दिला की विषय संपला. संन्यास त्यांनी घेतला, पण त्यांच्या त्यागाची वाटणी सगळ्या घराला झाली. उद्या काय शिजवायचं, हा प्रश्न संन्याशाला पडत नाही. तो बायकोला पडतो. लक्ष्मीबाई तक्रार करत नाहीत, नुसतं सांगतात, तेही विनोदानं. पण त्या विनोदामुळेच वाचकाला प्रश्न पडतो: ज्या साधेपणाकडे सगळं गाव आदरानं बघतं, त्यात दिखाव्याचा अंश अजिबात नसतो का?

लूकच्या अठराव्या अध्यायात परूशी आणि जकातदार मंदिरात प्रार्थना करायला जातात. परूशी स्वतःची पुण्यं मोजतो, जकातदार मान खाली घालून दया मागतो. गोष्ट सोपी वाटते. पण ती ऐकून 'देवा, मी त्या परूश्यासारखा नाही, बरं झालं' असं मनात आलं की आपण परूशी झालो. दिखाव्याचा तिरस्कारसुद्धा दिखावा होऊ शकतो. टिळक या सापळ्यात सापडले होते असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या शेजारी, स्वयंपाकघरात, हा सापळा दिसणारी एक बाई होती आणि तिनं ते लिहून ठेवलं, हे आपलं नशीब. टिळकांचं चरित्र नुसत्या भक्तांनी लिहिलं असतं तर संताची एक तसबीर तेवढी हाती आली असती.

## पोटासाठी

इथपर्यंत मी लक्ष्मीबाईंच्या बाजूनं बोललो. आता पुस्तकात मला जे कमी वाटतं ते.

१८९९-१९०० चा दुष्काळ दख्खनमध्ये भयानक होता. त्याच दुष्काळाच्या आगेमागे, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, माझ्या खापरपणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. ते महार. नगर भागात मिशनच्या मंडळीत आले ते बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातले होते. माझ्या खापरपणजोबांच्या बाप्तिस्म्याची तारीख घरात कुणाला माहीत नाही. त्यांनी आत्मचरित्र लिहिलं नाही. घरात एवढंच सांगतात की मिशनच्या दुष्काळी कामावर त्यांना मजुरी मिळाली, मुलाला शाळा मिळाली, आणि गावातले लोक म्हणाले: पोटासाठी बाटला.

म्हणजे नगर भागात, साधारण एकाच सुमाराला, दोन माणसं ख्रिस्ती झाली. एकीची पाच वर्षांची घालमेल मराठी साहित्याचा ठेवा झाली. दुसऱ्याच्या बाप्तिस्म्यावर कायमचा शिक्का बसला: खरा नव्हे, धान्याचा. 'प्रामाणिक श्रद्धा' आणि 'वरवरची श्रद्धा' हा भेद आपण करतो तेव्हा तो कुणाच्या हातात असतो, हे इथं दिसतं. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याच्याकडे शंका घ्यायला, थांबायला, वेगळी चूल मांडायला वेळ असतो. ज्याच्या घरात चूलच पेटलेली नाही, त्यानं पाच वर्षं विचार कधी करायचा?

लक्ष्मीबाईंनी कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं ठरवलं, तो क्षण मोठाच आहे. पण त्या पाण्याच्या दुसऱ्या टोकाला जो हात होता, त्याची बाजू 'स्मृतिचित्रे'त फारशी येत नाही. त्या हाताला आजवर काय वाटत होतं? ब्राह्मण बाईनं पाणी घेतलं तेव्हा काय वाटलं? बाई स्वतःला बदलते, आपण तिच्याबरोबर भारावतो, आणि ज्यांच्यामुळे ती बदलली ते लोक पार्श्वभूमीला राहतात. पुढे प्लेगमध्ये तिनं रोग्यांची सेवा केली, अनाथ मुलं सांभाळली, हे सगळं पुस्तकात आहे आणि ते खरं आहे. तरीही बोलणारा आवाज एकच आहे.

आणि 'पोटासाठी' हा शब्द तरी एवढा हलका का मानायचा? येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरी आधी येते, पापांची क्षमा नंतर. त्यानं भुकेल्या लोकांना आधी त्यांचा हेतू विचारला आणि मग भाकरी वाटल्या, असं कुठे लिहिलेलं नाही. माझ्या खापरपणजोबांनी धान्यासाठी बाप्तिस्मा घेतला असेलही. पण दुष्काळ संपला, धान्य संपलं, मिशनही पुढे आटत गेलं, आणि ते रोज संध्याकाळी प्रार्थना करत राहिले. आजी सांगायची की म्हातारपणी ते एकटेच बाजेवर बसून पुटपुटायचे आणि कुणी जवळ गेलं की थांबायचे. सुरुवात कशी झाली यावरून श्रद्धेचा खरेखोटेपणा ठरवायचा की ती कुणी बघत नसताना किती टिकली यावरून? त्यांच्याबाबत हा दुसरा प्रश्न गावातल्या कुणीच विचारला नाही.

लक्ष्मीबाई आणि खापरपणजोबा यांना शेजारी ठेवलं की 'स्मृतिचित्रे' लहान होत नाही. उलट त्यातला एक धागा जास्त नीट दिसतो. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या श्रद्धेची परीक्षा कधीच भावनेवर घेतली नाही. किती रडलो, किती भारावलो, यावर त्या थांबत नाहीत. त्या बघतात ते असं: कुणाच्या हातचं खाल्लं, कुणाला घरात घेतलं, हिशेब कुणी भागवला. ही परीक्षा खापरपणजोबांना लावली तर तेही पास होतात. भावनेची परीक्षा लावली तर त्यांच्याकडे दाखवायला काहीच नाही, आणि माझ्याकडे मात्र एचडीमध्ये भरपूर फुटेज आहे.

## खांबाआड

पुस्तक संपवल्यानंतरच्या रविवारपासून मी प्रार्थनेच्या वेळी दुसरा कॅमेरा बंद करतो. फक्त पहिला, मागून, सगळ्या मंडळीच्या पाठी दिसतील असा. कुणाचा चेहरा नाही. बघणारांचा आकडा थोडा कमी झाला. कमिटीतल्या एका काकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी विचारलं, "प्रार्थनेत क्लोजअप का नाही येत आता? लोकांना आशीर्वाद मिळायचा त्यातून."

मी म्हणालो, "काका, केबलला प्रॉब्लेम आहे."

केबलला काही झालेलं नाही. खरं कारण सांगायला हवं होतं, आणि ते सांगायची हिंमत झाली नाही. लक्ष्मीबाईंनी अशा वेळी तोंडावर सांगितलं असतं आणि वर हसल्या असत्या. मी अजून तिथवर पोचलेलो नाही. पुढच्या महिन्यात कमिटीची मीटिंग आहे, नवीन केबलचा खर्च मंजूर करण्यासाठी. तिथे मला बोलावं लागणार आहे.

मावशी अजून खांबाआड बसतात.